रहमान जिंकले, डागर हरले? निकाल तेवढाच नाही

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी संगीतकार ए. आर. रहमान यांचं अपील मंजूर केलं. एप्रिलमध्ये एकल न्यायमूर्तींनी त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश रद्द झाला. एप्रिलमध्ये 'रहमानने चाल चोरली' असे मेसेज फिरवणारे आता गप्प आहेत, आणि तेव्हा ज्यांना वाईट वाटलं होतं ते 'आपला माणूस सुटला' म्हणून मुबारकबाद देत आहेत. दोन्ही वेळा एक गोष्ट बाजूलाच राहिली. कोर्टात गेलेले फिर्यादीही आपलेच आहेत. उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर, ध्रुपदाच्या डागर घराण्याचे आजचे गायक, २०१० चे पद्मश्री. त्यांनी मागितलं होतं ते आपल्या मरहूम वालिदसाहेबांचं आणि चाचांचं नाव.

त्यामुळे या निकालाकडे 'कोण जिंकलं' म्हणून बघण्यात फार अर्थ नाही असं आम्हाला वाटतं. यात एक असा प्रश्न आहे जो मिरजेपासून मालेगावपर्यंत, गाणं-बजावणं पिढ्यानपिढ्या करत आलेल्या प्रत्येक मुस्लिम घराच्या दारात येऊन उभा आहे. तो आधी नीट समजून घेऊ.

मणिरत्नम यांचा 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भाग २०२३ च्या एप्रिलमध्ये आला. त्यातलं 'वीरा राजा वीरा' हे गाणं खूप गाजलं. चोळ राजांची कथा, त्यामुळे सूर भारदस्त, ध्रुपदाच्या वळणाचा. वासिफुद्दीन डागर यांचं म्हणणं असं की या गाण्याची चाल 'शिवस्तुती'वरून घेतली आहे. ही अडाणा रागातली रचना त्यांचे वडील उस्ताद नासिर फैयाजुद्दीन डागर आणि चाचा उस्ताद नासिर जहिरुद्दीन डागर यांनी १९७० च्या दशकात बांधली. १९७८ मध्ये हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनी ती गायली, तिचं रेकॉर्डिंगही आहे. मुस्लिम उस्तादांनी गायलेली शिवाची स्तुती, एका मुस्लिम संगीतकाराने चोळ राजाच्या सिनेमात वापरली, आणि भांडण कोर्टात. या देशाचं संगीत कसं घडलं हे सांगायला वेगळं पुस्तक नको.

रहमान यांच्या बाजूने सांगितलं गेलं की शिवस्तुती ही ध्रुपदातली जुनी, पारंपरिक चीज आहे, ती सगळ्यांची आहे. आणि गाणं म्हणाल तर ते पाश्चात्त्य संगीताच्या पद्धतीने रचलेलं स्वतंत्र काम आहे, त्यात २२७ वेगवेगळे थर आहेत.

२५ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. राग कुणाच्या मालकीचा नसतो, पण रागात बांधलेली रचना कुणाची तरी असते, असं त्यांनी मान्य केलं. यमन सगळ्यांचा आहे. यमनमधली एखादी बंदिश मात्र कुठल्या तरी एका माणसाने कुठल्या तरी एका दिवशी बांधलेली असते. गाण्याचा गाभा शिवस्तुतीसारखाच आहे असं न्यायमूर्तींचं मत पडलं. दोन कोटी रुपये कोर्टात जमा करा, दोन लाख खर्चापोटी डागर कुटुंबाला द्या, आणि सगळ्या ऑनलाइन माध्यमांवर दोन्ही उस्तादांची नावं घाला, असं त्यांनी सांगितलं. तोपर्यंत गाण्यासोबत उल्लेख होता तो 'डागरवाणी परंपरेतील ध्रुपदावर आधारित' एवढाच.

सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती सी. हरी शंकर आणि ओम प्रकाश शुक्ला यांच्या खंडपीठाने हे सगळं रद्द केलं. कशावर? इथेच बहुतेक बातम्यांनी घाई केली. गाण्याची चाल उचलली की नाही, या प्रश्नात खंडपीठ गेलेलंच नाही. त्यांनी अडवलं ते त्याच्या आधीच्या पायरीवर. डागर बंधूंनी ही रचना *गायली* याचा पुरावा आहे. त्यांनी ती *रचली* याचा पुरावा, निदान या टप्प्यावर, पुरेसा नाही. गाणारा प्रत्येक जण रचनाकार धरायचा झाला तर कुठलीही चीज गाणारा कुणीही उठून तिचा मालक होईल, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा रहमान यांना 'क्लीन चिट' मिळाली असं म्हणणं चूक आहे. डागर खोटे ठरले असं म्हणणं त्याहून चूक आहे. मूळ दावा अजून संपलेला नाही.

आता रहमान यांच्याबद्दल. हा प्रसंग त्यांच्या एकूण कारकिर्दीत ठेवूनच बघायला हवा, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल.

१९६७ साली मद्रासमध्ये जन्म, नाव दिलीप कुमार. वडील आर. के. शेखर मल्याळम सिनेमात संगीतकार आणि अरेंजर. मुलगा नऊ वर्षांचा असताना, १९७६ मध्ये, ते गेले. घर चालायचं ते वडिलांची वाद्यं भाड्याने देऊन. पोरगा शाळेच्या वयात दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला कीबोर्ड वाजवायला जाऊ लागला. सूफी बुजुर्ग करीमुल्लाह शाह कादरी यांच्या सहवासात घर आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कुटुंबाने इस्लाम स्वीकारला. १९९२ चा 'रोजा' हा पहिलाच सिनेमा आणि त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार. असे पुरस्कार आजवर सात झाले, शेवटचा 'पोन्नियिन सेल्वन'च्याच पहिल्या भागाच्या पार्श्वसंगीतासाठी. २००९ चे दोन ऑस्कर, पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी, पद्मभूषण, हे सगळं वाचकांना पाठ आहे.

कमी बोललं जातं ते वेगळं. सिनेसंगीतात वाजवणाऱ्यांची नावं कधी छापत नसत. शंभर माणसांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा आणि कव्हरवर एकच नाव. रहमान यांनी कॅसेटच्या कव्हरवर बासरी कोणाची, गिटार कोणाची, कोरसला कोण, रेकॉर्डिंग कोणी केलं, हे छापायची सवय लावली. ज्याचे वडील दुसऱ्यांसाठी अरेंजमेंट करत आयुष्य घालवून गेले त्याला नावाची किंमत वेगळी सांगावी लागली नसणार.

पुढे हक्कांच्या बाबतीतही तेच. २००७ च्या 'ओम शांति ओम'ला संगीत रहमान यांचं असणार होतं. गाण्यांच्या हक्कात वाटा हवा यावर ते अडून राहिले, म्युझिक कंपनीशी जमलं नाही, त्यांनी सिनेमा सोडला. शाहरुखचा सिनेमा सोडायला जिगर लागते! २०१२ मध्ये जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्याने कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कुणालाच काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. त्याच्या आधीपासून ही भूमिका ठामपणे घेऊन चाललेल्या मोजक्या लोकांत रहमान होते. २०२० मध्ये 'दिल्ली ६' मधल्या त्यांच्या गाण्याचं रिमिक्स बाजारात आलं तेव्हा त्यांनी जाहीरपणे लिहिलं की मूळ गाण्यामागे किती रात्री जागून, किती जणांनी, किती वेळा लिहून-खोडून काम केलं होतं.

शास्त्रीय संगीताच्या उस्तादांशीही त्यांचं नातं अदबीचं राहिलं आहे. नुसरत फतेह अली खाँ यांना त्यांनी १९९७ च्या 'वंदे मातरम' अल्बममध्ये गायला बोलावलं. बांद्र्याचे मरहूम उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडे ते स्वतः शिकले आणि २०१३ मध्ये उस्तादजींना मुलं-नातवासह टीव्हीवर गायला बसवून त्यांच्या मागे उभे राहिले.

म्हणूनच आमचा आक्षेप आहे. ज्या माणसाने तबलजीचं नाव छापलं, रिमिक्सवर राग काढला, हक्कासाठी मोठा सिनेमा सोडला, त्याच्या गाण्याखाली 'परंपरा' असा एक मोघम शब्द का? परंपरेला पत्ता नसतो, वारस नसतात, रॉयल्टीचा चेक पाठवायला बँक खातं नसतं. फैयाजुद्दीन आणि जहिरुद्दीन ही दोन माणसं होती. एक १९८९ मध्ये गेले, दुसरे १९९४ मध्ये. कायद्याने त्यांची ती रचना ठरेल की नाही ते कोर्ट बघेल. पण ही चीज ज्यांच्या गळ्यातून जगाने ऐकली त्यांची नावं लिहायला कोर्टाची गरज नव्हती. रहमान यांनी ती पहिल्या दिवशी लिहिली असती तर दोन ओळींत विषय मिटला असता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काही वाचक म्हणतील, संगीत मुळात जायज की नाजायज हाच प्रश्न असताना हे कशाला? त्या चर्चेत आम्ही इथे जात नाही. २०१५ मध्ये माजिद माजिदी यांच्या सिनेमाला संगीत दिलं म्हणून मुंबईतून रहमान यांच्यावर फतवा निघाला होता, आणि त्याच आठवड्यात विश्व हिंदू परिषदेने त्यांना 'घरवापसी'चं आमंत्रण दिलं होतं. दोन्हीकडून ओढाताण कशी होते ते या माणसाने बघितलं आहे. पण एखाद्याच्या मेहनतीचं श्रेय त्याला देणं हा बंद्यांच्या हक्काचा, हुकूकुल इबादचा विषय आहे, आणि त्यात कुणाचं दुमत नसावं.

दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण खंडपीठाने ज्या कमजोर जागेवर बोट ठेवलं ती खरोखर कमजोर आहे. आणि ती एकट्या डागरांची नाही.

आपली खानदानी घराणी अभिमानाने काय सांगतात? 'ही चीज शेकडो वर्षांची आहे', 'आमच्याकडे सात पिढ्यांपासून चालत आली'. डागर घराणं तर आपलं मूळ मुघल बादशाह मुहम्मद शाह रंगीले याच्या काळातल्या बाबा गोपालदासांपर्यंत नेतं. मैफलीत ही गोष्ट शोभते. कोर्टात तीच उलटते. शेकडो वर्षांची असेल तर ती सार्वजनिक झाली, तिच्यावर कुणाचा हक्क उरला? हक्क सांगायचा तर म्हणावं लागतं की ही आमच्या वडिलांनी अमुक साली बसून बांधली. प्राचीनतेचा मान आणि मालकीचा हक्क, दोन्ही एकाच चीजेवर सांगता येत नाहीत. जुन्यातून नवं कुठे सुरू झालं ती रेघ दाखवावी लागते, आणि आपल्याकडे ती रेघ कागदावर कुणी मारलीच नाही.

जुन्या उस्तादांना हे कळत नव्हतं असं मात्र नाही. गझलच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस घालतो तसं बंदिशीत नाव गुंफायची पद्धत होती. मुहम्मद शाहच्या दरबारातले नियामत खाँ 'सदारंग' म्हणून आपल्या खयालांत आजही हजर आहेत. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ 'प्रेमपिया' नावाने बंदिशी बांधत. म्हणजे चीज कुणाच्याही तोंडी गेली तरी मालकाचं नाव तिच्या पोटात. जिथे असं नाव नाही तिथे काही वर्षांनी रचनाकार पुसला जातो आणि उरते ती 'पारंपरिक' ही पाटी.

कायद्यानेही मौखिक संगीताला फार उशिरा ओळखलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सुरुवातीला संगीतरचना म्हणजे लिहिलेली, छापलेली रचना असाच अर्थ होता. गळ्यातून गळ्यात जाणारी बंदिश त्यात बसतच नव्हती. १९९४ ची दुरुस्ती झाली तेव्हा कुठे लिहिलेलं असण्याची अट गेली. तोवर आपल्या कित्येक बुजुर्गांची आयुष्यं संपली होती.

महाराष्ट्रातली उदाहरणं बघा. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, केसरबाई आणि मोगूबाई त्यांच्याकडे शिकल्या. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत रमले, तिथल्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आजही त्यांच्या आठवणीत गाणं होतं. डागरांचीच एक शाखा पनवेलजवळ पळस्प्याला आली. रुद्रवीणेचे उस्ताद जिया मोहिउद्दीन डागर आणि त्यांचे बंधू जिया फरीदुद्दीन यांनी तिथल्या गुरुकुलात शिष्य घडवले. मराठी संगीत ज्याला आपण म्हणतो त्याच्या पायाशी ही माणसं आहेत. पंडित भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो चीजा मिळवून पुस्तकांत उतरवल्या, त्याबद्दल संगीतावर त्यांचे उपकारच आहेत. उस्ताद मंडळी चीजा द्यायला कां-कूं करत म्हणून त्यांना कंजूष ठरवायची पद्धत पडली. आज हा खटला बघताना वाटतं, ते कंजूष होते की त्यांच्याकडे एवढीच एक पुंजी होती?

याच मिरजेतून एक वेगळं उदाहरण मिळतं. मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. पिढ्यानपिढ्या भोपळे तासणाऱ्या सितारमेकर घरांनी एकत्र येऊन कागदपत्रं केली, अर्ज केला, आणि आता दुसऱ्या गावात बनलेली सितार 'मिरजेची' म्हणून विकायला कायद्याने मनाई आहे. वाद्य बनवणाऱ्यांना जमलं. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना का जमू नये? जीआय वस्तूला मिळतं, बंदिशीला नाही, हा फरक आहेच. पण बंदिशीसाठी लागणारी कागदं त्याहून सोपी आहेत.

ज्यांच्या घरात कव्वाली, शहनाई, नात, मनकबत, बँडच्या चाली, काहीही नवं बांधलं जातं त्यांनी हे ऐकून ठेवावं. चीज बांधली की मोबाइलवर का होईना रेकॉर्ड करा आणि सुरुवातीलाच तारीख, गाव आणि 'ही रचना माझी' असं बोला. शब्द आणि सरगम वहीत लिहा, खाली दोन जणांच्या सह्या घ्या. यूट्यूबवर टाकताना 'गायन' आणि 'रचना' या दोन वेगळ्या ओळी लिहा. या खटल्यात सगळं याच दोन शब्दांवर अडलंय! कॉपीराइट कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, हक्क रचनेबरोबरच जन्माला येतो. पण वाद झाला तर नोंदणी हाताशी असलेली बरी. गाणी व्यावसायिक वापरात असतील तर मुंबईच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हा, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी ती संस्था गोळा करते. आणि स्टुडिओवाल्याने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नका, मग तो कितीही 'अपना भाई' असो.

अजून एक, जे आपल्याकडे कुणी बोलत नाही. संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या इंतकालानंतर साठ वर्षं टिकतो. दोघांनी मिळून रचली असेल तर दोघांत जो नंतर गेला तिथून साठ वर्षं. म्हणजे शिवस्तुती डागर बंधूंचीच ठरली तर तिचा हक्क २०५४ पर्यंत चालेल. हा हक्क मालमत्ता आहे, घरा-शेतासारखाच वारसांना जातो. अब्बांच्या मागे आपण जमिनीचे आणि दागिन्यांचे हिस्से करतो, पण त्यांच्या चाली कुणी मोजत नाही. गाणं पुढे चालवणारा एक मुलगा सगळ्याचा धनी होतो आणि बहिणींना विचारलंही जात नाही. विरासतीत मुलीचा हिस्सा फर्ज आहे, मग तो बंदिशीतही आहे. वारसांचा आपसातला कागद आधीच झालेला असेल तर उद्या कोर्टात 'हक्क नक्की कुणाकडे' हा पहिलाच सवाल अडचणीचा ठरत नाही.

वासिफुद्दीन डागर यांना आता मूळ दाव्यात हेच शाबीत करावं लागेल. अडाणा रागातली ही चीज १९७० च्या दशकाआधी कुणी गायली नव्हती, ती त्या दोघांनीच बांधली. अ‍ॅमस्टरडॅमचं रेकॉर्डिंग आहे, पण त्यावर 'गायक' म्हणून नाव असणं पुरेसं नाही हे खंडपीठाने सांगून टाकलं आहे. त्या काळात डागर बंधूंसमोर बसून शिकलेले शिष्य, कार्यक्रमांची जुनी पत्रकं, रेडिओची टेपं, एखाद्या मैफलीत उस्तादांनी स्वतः 'ही आमची रचना' म्हणून केलेली घोषणा, असं काही निघालं तर दाव्याला बळ येईल. त्या पिढीतली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.